दोन जात्यांचे देव

परभणी जिल्ह्यात गोदावरीस गोदावरी म्हणणारा मनुष्य बहुधा परगावचा असतो किंवा पाटबंधारे खात्यातला. काठच्या लोकांच्या तोंडी ती गंगाच असते, आणि गंगाखेडाने तर ती आपल्या नावातच घेऊन ठेवली आहे. संत जनाबाई या गंगाखेडच्या. दमा नावाच्या बापाने लहानपणीच तिला पंढरपुरास दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवले आणि दामाशेटींच्या मुलाची, म्हणजे नामदेवांची, दासी म्हणून तिने उभा जन्म काढला, असे परंपरा सांगते. ज्या नरसीस नामदेवांचे गाव मानतात ती नरसीही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत होती. तेव्हा धनी आणि दासी पुष्कळ काळ एकाच जिल्ह्याच्या दप्तरात नांदली, असे म्हणण्यास हरकत नाही. या दासीच्या जात्याशी विठ्ठल येऊन बसला, खुंट्याला हात लावून त्याने तिच्याबरोबर दळण सरते केले, ही कथा आमच्याकडे इतकी घरगुती झाली आहे की तिच्यात नवल करण्याजोगे काही असेल अशी शंकासुद्धा कोणास येत नाही. मलाही ती आली नव्हती. ती आली होमर वाचताना, आणि तीही एका अशा स्त्रीमुळे, जिला होमरने नावसुद्धा दिलेले नाही.

‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गातील हा प्रसंग आहे. ओडिसियस वीस वर्षांनी इथाकेस परतला आहे, पण भिकाऱ्याच्या वेषात, आणि आपल्याच वाड्याच्या देवडीत तो कातडी अंथरून पडला आहे. त्याच्या पत्नीशी लग्न लावू पाहणाऱ्या उमरावांनी त्याच्या कोठारांचा आणि कळपांचा फडशा चालविला आहे. सूड उगवण्याच्या दिवशी पहाटे तो झ्यूसपाशी दोन शकुन मागतो, एक आकाशातून आणि एक घरातल्या कोणाच्या तरी मुखातून. निरभ्र आकाशात गर्जना होते. वाड्यालगत दळणघर आहे, तेथे बारा दासी रोज जव आणि गहू दळतात. अकराजणी आपापले दळण उरकून झोपल्या आहेत, आणि सर्वांत अशक्त म्हणून मागे पडलेली बारावी तेवढी अजून दळत आहे. ती गर्जना ऐकून हात थांबविते. आकाशात ढग नसता हा आवाज झाला, तेव्हा तो कोणासाठी तरी शकुन असला पाहिजे, एवढे तिला कळते. आणि मग ती आपलेही मागणे त्यात घालते, की ज्यांच्या पिठापायी आपले गुडघे निकामी झाले त्या उमरावांचे आजचे जेवण शेवटचे ठरावे. गुडघे का, हे आपल्या जात्याकडे पाहून कळणार नाही. तिचे जाते खुंट्याने गरगर फिरणारे नव्हते. पाट्यावर वरवंटा लोटावा तसा गुडघे टेकून दगडावर दगड पुढेमागे लोटण्याचे ते काम होते, आणि वीसजणांचे नव्हे, तर शंभरावर माणसांचे पीठ त्यातून निघावयाचे होते.

झ्यूसचा तो आवाज दासीसाठी झालाच नव्हता. तो झाला होता देवडीत पडलेल्या धन्यासाठी. दासीने तो ऐकला, आणि धन्याने तिचे बोलणे ऐकून आपला दुसरा शकुन साधला, इतकेच. ऑलिंपस आणि दळणघर यांच्यामधले हे अंतर त्या कवीस खटकत नाही, आणि ग्रीक श्रोत्यांसही ते खटकले असेल असे मला वाटत नाही. कारण त्यांच्या सगळ्या देवकथांचा पाया अंतर राखण्यावरच उभा आहे. याचा अर्थ ते देव माणसांत येत नव्हते असा मुळीच नाही. ते फार येत. झ्यूस बैल होऊन आला, हंस होऊन आला, सोन्याचा पाऊस होऊन आला. अथीना सारथी होऊन रथावर बसली. अफ्रोडाइटी रणांगणात मुलाला वाचविण्यास धावली आणि हाताला जखम घेऊन परतली. पण येणे निराळे आणि सरहद्द पुसणे निराळे. मर्त्य आणि अमर यांच्यामध्ये एक सीमा आखलेली आहे, ती ओलांडण्याचा उन्मत्तपणा ज्याने केला त्याचा सत्यानाश ठरलेला. नायोबीने आपल्या मुलांची फुशारकी लेटो देवीपुढे मारली, तिची बाराही मुले गेली. मार्सियसने वाद्य वाजविण्यात अपोलोशी चढाओढ केली, त्याची कातडी सोलली गेली. जनाबाईने विठ्ठलास ज्या शब्दांत खडसावले आहे त्यांपैकी काही शब्द आजही सभ्य मंडळींत उच्चारता येणार नाहीत. ती इथाकेत जन्मली असती तर कोणता प्राणी होऊन भिंतीवर चढली असती कोण जाणे.

सीमेची हीच काळजी त्यांच्या विचित्रदेही प्राण्यांतही दिसते. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर चक्रव्यूहात कोंडून ठेवावा आणि थीसियसने त्याला मारावा. सिंह, बोकड आणि साप यांचा कायमिरा बेलेरोफोनने संपवावा. स्त्रीमुखी स्फिंक्सने इडिपसचे उत्तर ऐकून स्वतःस लोटून द्यावे. दोन जातींच्या देहांचा जोड म्हणजे सृष्टीच्या दप्तरातली चूक, आणि ती दुरुस्त करणारा तो वीर. अपवाद आहेत: अकिलीसचा गुरू कायरॉन हा अर्धा घोडा होता, आणि बोकडाच्या पायांचा पॅन हा तर देवच होता; परंतु कायरॉनचे इतर भाऊबंद लग्नमंडपात दारू पिऊन दंगल करणारे निघाले आणि पॅनला राने राखण्यास लावले गेले. आता परभणीहून फार दूर नसलेल्या पोखर्णीच्या देवळात जाऊन पाहावे. तेथे जोडदेही प्राणी गाभाऱ्यात बसलेला आहे आणि भक्त त्याच्यापुढे रांगेत उभे आहेत. नृसिंहाची कथा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सीमांचीच कथा आहे: दिवसही नाही, रात्रही नाही, घरातही नाही, बाहेरही नाही, मनुष्यही नाही, पशूही नाही. वर घेणाऱ्या हिरण्यकशिपूस देव सगळ्या अटी पाळून जो गाठतो तो उंबरठ्यावर. ग्रीक वीर ज्या मधल्या जागेची सफाई करीत होते तीच जागा आमच्या देवाने राहण्यासाठी निवडली, आणि जात्याशी बसणारा विठ्ठल मला या पोखर्णीच्या देवाचा सख्खा शेजारी वाटतो, तो याच कारणाने.

पण ग्रीक देव कधी चाकरीस राहिलेच नाहीत, असे कोणी समजेल तर ते खोटे ठरेल. अपोलोने ती दोनदा केली. त्याचा मुलगा ॲस्क्लीपियस मेलेल्यांस उठवू लागला म्हणून झ्यूसने त्याला विजेने मारले; अपोलोने रागाने, वीज घडविणाऱ्या सायक्लॉप्सांचा वध केला; त्याची शिक्षा म्हणून त्याला ॲडमीटस राजाची गुरे राखावी लागली. इसवी सनापूर्वी ४३८ साली रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीसच्या ‘अल्सेस्टिस’ नाटकाची सुरुवात या चाकरीच्या आठवणीनेच होते, आणि धनी भला निघाला म्हणून देवाने त्याचे मरण टाळण्याची खटपट केली, हे तेथे कळते. दुसरी चाकरी याहून कडू. ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात पोसायडन अपोलोला तिची आठवण देतो: झ्यूसच्या हुकमाने दोघे ट्रॉयच्या लाओमेडॉन राजापाशी वर्षाच्या मुदतीने, ठरीव रोजमुऱ्यावर राहिले, एकाने शहराचा तट बांधला, दुसऱ्याने इडा पर्वताच्या उतारावर गुरे चारली, मुदत भरली तेव्हा राजाने मजुरी बुडविली, आणि वर दम भरला की हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकीन आणि दोघांचेही कान कापून टाकीन. देवाच्या तोंडची ही फिर्याद वाचताना मनुष्य क्षणभर विसरतो की बोलणारा समुद्राचा अधिपती आहे. ती कोणत्याही तालुक्याच्या कचेरीबाहेर ऐकू यावी अशी आहे.

दोन्ही ठिकाणी चाकरी ही सजा आहे. तिला हुकूम आहे, मुदत आहे, अखेर आहे. स्वखुशीने परक्या घरी राबलेली देवता शोधू गेल्यास एक डिमिटर सापडते. कन्या हरवल्यावर म्हातारीचे रूप घेऊन ती एल्युसिसला राजघराण्यातले मूल सांभाळण्यास राहिली. परंतु मुलाच्या आईने तिला त्या मुलास विस्तवात धरताना पाहिले आणि किंकाळी फोडली, तेव्हा देवी आपल्या खऱ्या रूपात उभी राहिली आणि तिने पहिली मागणी केली ती देवळाची. ओळख पटली की दाईचे नाते संपते आणि पूजेचे सुरू होते. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की कॅलिमॅकस या पुढच्या काळातल्या कवीने अपोलो ॲडमीटसच्या प्रेमापोटी गुरांमागे हिंडला असे सुचविले आहे. म्हणजे प्रेमाने राबणाऱ्या देवाची कल्पना ग्रीकांस सुचलीच नाही, असे म्हणता येत नाही. ती तेथे राजाच्या गोठ्यापर्यंत आली. दासीच्या दळणघरात ती शिरली नाही.

विठ्ठल जो येतो तो ओळखीचाच येतो. जनीपासून लपण्याचे त्याला कारण नाही, लपायचे असते ते इतरांपासून. तो दळतो, पाणी भरतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. आणि या येण्याची किंमत कथेने एका ठिकाणी फार स्पष्ट मांडली आहे. रात्री दळण करून घाईने निघालेला देव आपले रत्नपदक आणि शेला तिच्याकडे विसरतो आणि तिची वाकळ पांघरून राउळात जातो. सकाळी पदक सापडत नाही, बडवे शोध घेतात, ते जनीच्या झोपडीत निघते, आणि चोरीच्या आरोपाखाली तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळाकडे नेतात. सुळाचे पाणी होते आणि ती वाचते. पाणी होणे हा चमत्कार सोडून द्या. देव दासीच्या घरी येऊन गेला याचा पहिला परिणाम दासीवर चोरीचा आळ येण्यात झाला, हे ज्या कोणी प्रथम सांगितले त्याला चाकरमाणसांच्या जगाची पक्की माहिती होती. इथाकेतही दासींवर आळ आला होता. उमरावांशी संग केल्याबद्दल वाड्यातल्या पन्नासांपैकी बाराजणींना, ओडिसियसच्या हुकमावरून त्याच्या मुलाने जहाजाच्या एका दोरावर ओळीने फाशी दिली. होमर त्यांना जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा देतो आणि त्यांचे पाय थोडा वेळ हलले असे सांगतो. तेथे दोराचे काही झाले नाही.

एवढ्यावरून आपल्या देवाचा जयजयकार करून उठता आले असते. माझे मन तसे करू देत नाही, आणि त्याला कारण तो बुडविलेला रोजमुरा. लाओमेडॉनच्या कथेत चाकर साक्षात देव, धनी साक्षात राजा, तरीही मजुरी ठरलेली आहे. ती बुडविणे हा गुन्हा आहे. आणि त्या गुन्ह्यापायी समुद्रातून राक्षसी जनावर येऊन राजाच्या मुलीला खडकाशी बांधण्याची वेळ येते. केलेल्या कामाचे मोल देणे लागते, ही गोष्ट ग्रीकांनी देवांच्या तोंडून वदविली. आमच्या कथेत मजुरीचा शब्द निघत नाही. देव दळू लागला, पण पायली कमी झाली नाही. देवाने पाणी भरले, पण दुसऱ्या दिवशी घागर जनीच्याच कमरेवर होती. नामदेवांच्या घरी कोणी असे विचारल्याचे ऐकिवात नाही, की जिच्यासाठी प्रत्यक्ष पांडुरंग राबतो तिला आपण तरी दासी का ठेवावे? ज्या मुलखाने निजामी अमदानीत वेठ आणि बेगार डोळ्यांनी पाहिली, त्या मुलखात या कथेचा आधार किती बायांनी घेतला असेल याची मला कल्पना आहे. आणि हाच आधार घेऊन किती धन्यांनी निश्चिंत झोप काढली असेल, याचीही.

मग जनीच्या हाती काय आले? माझ्या मते, होमरच्या दासीला जे मिळाले नाही नेमके तेच. इथाकेची ती स्त्री दुसऱ्याच्या महाकाव्यात थोड्या ओळी बोलते आणि त्या ओळीही धन्याच्या उपयोगाच्या ठरतात. गंगाखेडच्या दासीच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, आणि त्यांच्या अखेरीस धन्याच्या नावाशेजारी तिचे स्वतःचे नाव आहे. आपण दासी आहोत हे ती लपवीत नाही, ते नावासारखे लावते. परंतु देव केव्हा आला, काय बोलला, कोणते काम त्याने केले, ही सगळी साक्ष तिची आहे, बडव्यांची नाही. ग्रीसमध्येही बाया जात्यावर गात होत्या. लेस्बॉस बेटावरचे एक दळणगाणे प्लूटार्कने टिपून ठेवले आहे. त्यात दळणारी आपल्या जात्याला सांगते की मायटिलिनीचा सत्ताधीश पिटॅकससुद्धा दळतो. तिच्या जात्याशी आला तो राज्यकर्ता, आणि ते गाणे कोणी बांधले हे कळण्याचा मार्ग राहिला नाही.

पंढरपुराजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवितात. वारकरी स्त्रिया त्याचा खुंटा धरून एकदोन फेरे ओढतात. ज्यांनी लहानपणी पहाटे दळले आहे अशा आता थोड्या उरल्या आहेत, आणि त्या ओळखू येतात, कारण वैरण घालण्यासाठी त्यांचा डावा हात आपोआप पुढे येतो. इथाकेच्या दळणघरात त्या दिवशी पुढे काय झाले, ते होमर सांगत नाही. ओडिसियसला दोन्ही शकुन मिळाल्याचा आनंद झाला; दुसऱ्या दासी उठून चुलीत जाळ करू लागल्या; त्याचा मुलगा टेलेमॅकस याने पायांत चढाव घातले. बारावीचे दळण तेवढे होमरने तसेच राहू दिले आहे.