राहते घर आणि त्याची संहिता

जुना वाडा जपावा की नाही, हा प्रश्न आपल्याला फारसा अडचणीत टाकत नाही. त्याचे जुनेपणच त्याची बाजू मांडते. विसाव्या शतकाच्या मध्यावर उभ्या राहिलेल्या आधुनिक घराचे तसे नाही. भूतकाळापासून सुटका हेच त्या घराचे आश्वासन होते. ल कॉर्बुझिएने १९२३ मध्ये घराचा विचार यंत्राच्या उपमेने केला, तेव्हा निकामी यंत्र बदलायचे असते, हेही त्या उपमेत अनुस्यूत होते. अशा घराला वारसा ठरवून जपताना कर्त्याचा हेतू पाळला जातो, की मोडला जातो?

या प्रश्नाचे एक रूप इंदापूर तालुक्यात पाहता येते. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू पट्ट्यात ऊस आणला. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी कळंबच्या परिसरात ऊसमळा आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. त्यातून वालचंदनगर ही उद्योगनगरी वसली. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रे घडवणारा उद्योगही वाढला. अशा नगरीत यंत्र ही घराची केवळ उपमा राहत नाही. घर पाळीच्या वेळापत्रकाला जोडलेले असते, त्याचा आकार हुद्द्यावरून ठरतो आणि नोकरी संपली की ते सोडावे लागते. 'घर' आणि 'क्वार्टर' हे दोन शब्द बोलीने वेगळे ठेवले आहेत, ते उगीच नव्हे.

तरीही माणसे क्वार्टरमध्ये क्वार्टरसारखी राहत नाहीत. एकाच नकाशाच्या ओळीतून कुणी पत्र्याची पडवी काढतो, कुणी तुळशीवृंदावन बांधतो, कुणी सिमेंटची जाळी बुजवतो. जतनाचा आग्रह धरणारा या साऱ्याला भेसळ मानील. साहित्याच्या अभ्यासकाला येथे संहिताचिकित्सा आठवते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा मागाहून शिरलेला पाठ वेगळा काढण्याला अर्थ होता. त्या ग्रंथात कर्त्याचा शब्द हाच प्रमाण होता. वसाहतीतील घराचा नकाशा आखणारा मात्र त्या घरात राहिलेला नसतो. घराचा अर्थ राहण्याने पुरा होतो. म्हणून पडवीला प्रक्षेप म्हणण्यापेक्षा भाष्य म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

यावर एक आक्षेप संभवतो: मग घर पाडणे हेही भाष्यच का मानू नये? भाष्य मूळ संहिता समोर ठेवून चालते. वाचकाला दोन्ही वाचता येतात. पाडण्याने संहिताच नाहीशी होते आणि पुढच्याचे वाचन संपते. तेव्हा एक मर्यादा सांगता येईल. नंतर येणाऱ्याला आधीचे घर ओळखता यावे, इतपतच बदल करावा.

पण ही मर्यादा पाळायची कुणी? निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करणाऱ्या माणसाकडे आपण पुढच्या रहिवाशासाठी मूळ खिडकी राखण्याचे कर्तव्य मागतो. त्या खिडकीशी उभे राहण्याचा हक्क मात्र त्याला देत नाही. हक्कावाचून लादलेले कर्तव्य ही वेठ होय. राहण्याचा प्रश्न बाजूला ठेवून केलेले दर्शनी भिंतींचे जतन म्हणजे ग्रंथ कपाटात ठेवून वाचकाला ग्रंथालयाबाहेर काढणे आहे.

याच तालुक्यात उजनीच्या जलाशयात पळसदेवचे प्राचीन मंदिर बुडालेले आहे. पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक पाहायला जातात. त्याच्या भोवतीची घरे पाहायला कुणी जात नाही. ती राहणाऱ्यांबरोबर उठून नव्या गावठाणात गेली. वास्तू माणसांवाचून उरू शकते, घर उरत नाही. आधुनिक घरांच्या जतनाचा विचार करताना काय राखावे, याआधी तेथे कुणाला राहू द्यायचे, हे ठरवावे लागेल.