शाळा सुटल्यानंतरचा कल्याणमित्र



आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरातले जुने देव उतरवून तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावली. पंचशील आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. पण शील ओठांवर आणि मूल संध्याकाळी नाक्यावर, अशी स्थिती आपल्या किती घरांत आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

अकलोलीपासून भिवंडीपर्यंत नजर टाका. आई वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या शेतावर, बाप गोदामात किंवा यंत्रमागावर. शाळा पाचला सुटते, घरी माणूस यायला आठ वाजतात. हे तीन तास कोणाचे? आपण त्यांचा ताबा घेत नाही, म्हणून दुसरा कोणी घेतो. मटक्याची चिठ्ठी पोचवायला पोर लागते. पुढाऱ्याच्या भांडणात दगड मारायला पोर लागते. गुन्हा नोंदला जातो तेव्हा चिथावणारा आपल्या घरी जेवत असतो आणि आपला वीस वर्षांचा मुलगा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला असतो. पुढे सरकारी नोकरीची वेळ आली की चारित्र्य पडताळणीत तोच दगड त्याच्या कपाळावर येऊन आदळतो. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेले शिक्षण एका संध्याकाळीत मातीमोल होते.

अशा मुलाला आपण वाया गेलेला म्हणतो. तथागतांनी तसे म्हटले होते काय? अंगुलिमालाची कथा आठवा. अट्ठकथेप्रमाणे त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेतला तो गुणी विद्यार्थी. सहाध्याऱ्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले. गुरूने त्याला जवळ बोलावून खरे काय ते विचारले नाही; उलट गुरुदक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली. ज्या हाताने शिकवायचे, त्याच हाताने मुलाला रानात लोटले. तथागत त्या वाटेने निघाले तेव्हा गुराख्यांनी त्यांना अडवले, तरी ते गेले. त्यांनी अंगुलिमालाला निरोप धाडला नाही, ते स्वतः चालत गेले. आणि त्याला संघात घेतल्यावर सोडून दिले नाही. लोकांनी दगड मारून त्याला रक्तबंबाळ केले, त्या दिवशीही धीर द्यायला तथागतच होते. एका गुरूने दार लावले म्हणून अहिंसकाचा अंगुलिमाल झाला. दुसऱ्याने दार उघडे ठेवले म्हणून अंगुलिमालाचा भिक्खू झाला.

सिगालोवाद सुत्तात गुरूची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नीट शिकवणे हे त्यात आहेच; परंतु शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हेही त्यात आहे. अवेळी रस्त्यावर भटकणे आणि वाईट संगत ही नाशाची द्वारे होत, असेही तेच सुत्त सांगते.

बाबासाहेबांचे चरित्र पाहा. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी हेरला. शाळा सुटल्यावर ते त्याच्याशी बोलत, त्याला पुस्तके देत. त्यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली. सभेने वसतिगृह काढले, वाचनालय काढले आणि हॉकीचा क्लबही चालवला. हॉकी कशासाठी? तरुणांनी दारू आणि जुगाराकडे वळू नये यासाठी. मोकळ्या वेळाला चांगले काम दिले नाही तर तो वेळ वाईट काम शोधतो, हे बाबासाहेब जाणून होते.

जगाचा अनुभवही हाच आहे. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील एका कारकुनाने १९०४ साली आवाहन केले की एकेका प्रौढाने एकेका मुलाचा थोरला भाऊ व्हावे. त्यातून उभ्या राहिलेल्या कार्याची अमेरिकेत १९९५ साली पाहणी झाली. असा सोबती लाभलेल्या मुलांत मारामारीचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. मात्र नंतरच्या अभ्यासात हेही दिसले की थोड्याच महिन्यांत सोडून जाणारा सोबती मुलाला लाभण्याऐवजी बाधतो.

आपली भिवंडी तर साक्षीदार आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगली तिने सोसल्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या, माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ओळखीच्या माणसावर हात सहसा उचलत नाही.

म्हणून सांगणे एवढेच : समाजमंदिराचे कुलूप केवळ जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला उघडू नका. रोज संध्याकाळी तेथे अभ्यासिका भरू द्या. आधी तासभर कबड्डी, मग अभ्यास, शेवटी त्रिशरण-पंचशील. पाच मुलांमागे एक शिकलेला तरुण किंवा तरुणी असावी, आणि त्यांनी निदान वर्षभर जागा सोडू नये. मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जावे. शाळा सुटलेल्या मुलाला आधी बोलवावे, कारण नाक्यावरचे लोक त्यालाच आधी बोलावतात. दुसऱ्या वस्तीतले मूल आले तर त्यालाही बसू द्यावे. जयंतीच्या वर्गणीतून वह्या आणि दिवाबत्तीचा खर्च निघू शकतो. वाजंत्रीवर एक रात्र कमी खर्च झाला म्हणून बाबासाहेब रागावणार नाहीत.

आणि मातांनो, शिकून नोकरीला लागलेला तुमचा मुलगा सुटीवर घरी आला की त्याला विचारा, "बाळा, या वाड्यातल्या कोणत्या पोराचा तू थोरला भाऊ आहेस?"

कल्याणमित्रता हे धम्मजीवनाचे अर्धे अंग आहे, असे आनंद म्हणाले तेव्हा तथागतांनी त्यांना सुधारले आणि ते संपूर्ण धम्मजीवन होय असे सांगितले. हिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो. ते शील मुलाच्या हातात उतरावे असे वाटत असेल, तर त्या हाताला धरणारा हात संध्याकाळी पाच वाजता त्याच्याजवळ असला पाहिजे.

भवतु सब्ब मंगलम्.