मुलाच्या हाती आरसा द्या

धम्मदीक्षा घेऊन आपण घरातले देव काढले. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनातली भीती काढली काय? मूल खोटे बोलले, की आई म्हणते, "बुद्ध शिक्षा करतील!" बंधुभगिनींनो, हा तर जुनाच देव नव्या नावाने घरात आला.

या वयात मूल आधार शोधते. शाळेत कोणी जातीवरून हिणवले, तरी घरी सांगत नाही. आतल्या आत कुढते. भीतीची श्रद्धा त्याला अधिकच एकटे पाडते.

भगवंतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी? तो म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे: याने मला वा दुसऱ्याला दुःख होते काय? चूक झाली तर जाणत्यांजवळ सांगावी, पुन्हा करू नये. येथे धाक नाही, शाप नाही.

पण चूक सांगायची, तर ऐकणारा हवा. तो आईबापांनी व्हावे. सायंकाळी मुलांसह त्रिसरण-पंचशील घ्या, मग दहा मिनिटे त्यांचे ऐका.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी आपली मान ताठ केली. ती मुलांचीही ताठ राहिली पाहिजे, आपल्यासमोरसुद्धा.