तीन अक्षरं

मिशिगनमधल्या आमच्या घराच्या गॅरेजात १९६५ सालची पाँटियाक लेमान्स उभी आहे. बॉडी चेसिसवर परत बसली, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर आले, वायरिंग संपलं, रंगही झाला. आता राहिलंय ते नाव लावायचं काम, आणि तिथेच माझा हात थांबला आहे. मागच्या दोन्ही बाजूंना ‘जीटीओ’ ही तीन अक्षरं लावायची, की कारखान्यातून गाडी ज्या नावाने बाहेर पडली ते लेमान्स हेच नाव ठेवायचं? मागचे पत्रे नवे आहेत, त्यांत अजून एकही भोक नाही. एकदा ड्रिल चालवलं की गाडी पुढची कित्येक वर्षं त्याच नावाने ओळखली जाईल. दुसऱ्या कुणाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही, म्हणून अंतर्मनाला साक्षी ठेवून एकदा नीट तपासतो आहे.

आधी माझी बाजू मांडतो, आणि ती दुबळी नाही. जीटीओ मुळात होती तरी काय? मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा तेव्हा जनरल मोटर्सचा दंडक होता. जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पाँटियाकच्या इंजिनिअरांनी मोठ्या पाँटियाकचं ३८९ घनइंचांचं व्ही-आठ इंजिन छोट्या टेम्पेस्टमध्ये बसवून पाहिलं आणि ते त्यांच्या मनात भरलं. नवं मॉडेल काढायचं तर वरची मंजुरी लागणार. म्हणून १९६४ च्या मॉडेलांत जीटीओ विकायला आली ती लेमान्सवर सुमारे २९६ डॉलर जादा भरून घ्यायचा एक संच म्हणून. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या, दुसऱ्या वर्षी ७५,३५२. स्वतंत्र मॉडेलचा मान तिला १९६६ मध्ये मिळाला. तेव्हापासून गाडीच्या क्रमांकाची सुरुवात २४२ ने होऊ लागली आणि क्रमांक वाचूनच जीटीओ ओळखता येऊ लागली. त्याआधीच्या दोन वर्षांच्या गाड्यांचा क्रमांक मात्र याबाबत गप्प असतो. जीटीओ असो वा साधी लेमान्स, नुसत्या क्रमांकावरून फरक कळत नाही.

माझ्या गाडीत ३२६ घनइंचांचं इंजिन होतं. उघडल्यावर त्याचा ब्लॉक तडकलेला निघाला. पाँटियाकच्या त्या काळातल्या व्ही-आठ इंजिनांची बाहेरची मापं सारखीच असतात, त्यामुळे ३८९ त्याच माउंटिंगवर आणि त्याच बोल्टांवर मुकाट बसलं. म्हणजे त्या तिघांनी जे केलं तेच मी माझ्या गॅरेजात केलं. मग अक्षरं लावली तर बिघडलं कुठे? एक मित्र तर सरळच म्हणाला, “अरे, लाव की! ढोपरावर बसून क्रमांक वाचणारा कोण आहे इथे?” झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला म्हणायचं होतं. तो वाईट माणूस नाही. माझ्या कष्टांचं चीज व्हावं, एवढंच त्याला वाटत होतं.

पण जिथे क्रमांक गप्प आहे तिथे कागद बोलतो. कारखान्याच्या जुन्या नोंदींच्या प्रती पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस देते. माझ्या गाडीची प्रत मी मागवली, आणि तिच्यात जीटीओचा उल्लेख नाही. तो असणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही पाकीट उघडताना वाटत होतं की चुकून तरी सापडावा. ही आशा माझ्याविषयी बरंच काही सांगते. ज्या गाडीवर मी एवढा जीव लावला तिच्यावर मी समाधानी नव्हतो. ती दुसरीच कुणीतरी निघावी, असं मला वाटत होतं.

जीटीओच्या कीर्तीचा पायाही असाच एका झाकपाकीवर उभा आहे, आणि ती हकीकत आठवली की माझ्यातल्या वकिलाला हुरूप येतो. ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात पाँटियाकच्या जीटीओची तुलना थेट फेरारीच्या जीटीओशी केली आणि ताशी साठ मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचं छापलं. नावही फेरारीचंच उचललेलं. चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलेलं होतं, हे जाहिरातीची बाजू सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी बऱ्याच वर्षांनी उघडपणे सांगितलं. बाहेर एक नाव, आत दुसरंच यंत्र. आज चाहते ही गोष्ट रंगवून सांगतात, मीही सांगितली आहे. मग माझ्याच तीन अक्षरांचा एवढा बाऊ कशाला?

कारण मला विचारायचं आहे ते त्यांना नाही, मला. आणि गाडी फिरवताना मी एकटा नसणार. पुढे ती कुणीतरी विकत घेईल. मी विकणार नाही, हे उत्तर पुरेसं नाही. मी गेल्यावर मुलं विकतील, त्यांना ३२६ आणि ३८९ मधला फरक सांगता येणार नाही, आणि नोंदींची ती प्रत ठेवलेली फाईल घर बदलताना कुठल्यातरी खोक्यात जाईल. अक्षरं तेवढी पत्र्यावर राहतील. मी कुणाला फसवलं नाही असं म्हणत मी निघून जाईन, आणि जीटीओची किंमत मोजून लेमान्स घरी नेणारा माणूस फसलेला असेल.

मग मूळपणाचा एवढा आग्रह सगळीकडे धरला का? नाही. १९६५ च्या पाँटियाकला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा सिलिंडर १९६७ मध्ये आला. मी तोच बसवला, पुढे डिस्क ब्रेक घातले, आणि हे करताना मन जराही कचरलं नाही. या गाडीत माझ्या शेजारी बायको बसणार आहे. बोनेट उघडणाऱ्याला तो बदल सरळ दिसतो, तो कुठलाही खोटा दावा करत नाही. इथे मला माझी रेघ सापडली. गाडीत बदल केल्याने माझं मन खात नाही, गाडीच्या तोंडी खोटं घालताना खातं.

पत्र्याचंही तसंच. या गाड्यांच्या मागच्या काचेखाली पाणी साचतं आणि तिथला पत्रा आतून कुजतो. वरून पुट्टी मारून, घासून, रंग दिला तर काही वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मी तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. हे काम मला फार आवडलं. कापलेल्या कडेला जिथे चकाकता, निरोगी पत्रा लागला तिथे थांबायचं, त्याच्या एक इंच अलीकडे नाही. कटरच्या आवाजावरूनही कळतं. गंजलेल्या पत्र्याचा आवाज बसका येतो.

इतर प्रश्नांपुढे मी इतका ठाम नाही. हे इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या काळातलं आहे. ते जाळील त्या पेट्रोलचा धूर शेजाऱ्यांच्या मुलांच्या नाकात जाणार. ‘वर्षातून थोडीच फिरवणार’ हे म्हणणं खरं आहे, पण ते धुराचं समर्थन होत नाही. आणि रविवारच्या रविवार गॅरेजात गेले, ते माझ्या एकट्याचे नव्हते. घरातल्यांनी ते मला तक्रार न करता दिले, म्हणून ते फुकट मिळाले असं मी धरून चाललो होतो का? बहुधा हो.

तरीही अक्षरांवर मन परत येतं, आणि त्यामागचं खरं कारण पैसा नाही. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. डेट्रॉइटपासून पाँटियाक शहरापर्यंत जाणारा हा रस्ता, साठच्या दशकात पोरं याच रस्त्यावर सिग्नलपासून शर्यती लावत. पाँटियाक हा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला, पण त्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं अजून इथे आहेत. खुर्च्या टाकून फुटपाथवर बसतात आणि एखादी जीटीओ गेली की हात वर करतात. मला तो हात हवा आहे. पिंपरीत वाढलेला, सगळं संपत आल्यावर इथे पोचलेला मी, त्यांच्या इतिहासातली एक जागा मला त्यांच्याच हातून हवी आहे. लेमान्स घेऊन गेलं तर ते प्रेमाने बघतील, विचारपूस करतील. पण हात वर होतील का? एवढ्याशा गोष्टीसाठी मी त्यांच्याच गाडीचं नाव खोटं लावायला निघालो होतो. ज्यांनी मला ओळखावं असं मला वाटत होतं, त्यांनाच फसवून मिळवलेली ओळख मी घरी आणून काय करणार होतो?

जनाची नाही तरी मनाची, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या बाबतीत मात्र आधी जनाचीच वाटली, कुणी खाली वाकून विचारलं तर काय, याची. मनाची नंतर जागी झाली, हे इथे नोंदवून ठेवतो.

अक्षरं लावणार नाही. पुढच्या मडगार्डवरचा ६.५ लिटरचा त्रिकोणी बिल्लाही नाही. इंजिन तेच असलं तरी त्या बिल्ल्यावर जीटीओच लिहिलेलं असतं. बोनेटही साधंच राहील. आणि फाईलवर भरवसा न ठेवता फायरवॉलवर धातूची एक पट्टी रिव्हेटने ठोकणार आहे. मूळ इंजिन ३२६, आताचं ३८९, ब्रेक बदललेले, मागच्या काचेखालचा पत्रा नवा, एवढं तिच्यावर कोरलेलं असेल. विकणाऱ्याला ती काढता येईल, पण त्यासाठी त्याला ड्रिल हातात घ्यावं लागेल.

आता भीती वेगळीच आहे. खरं सांगितल्याबद्दलही शाबासकी हवीशी वाटते. ‘जीटीओ करता आली असती, पण केली नाही’ हे वाक्य मी आत्ताच मनात दोनतीनदा बोलून पाहिलंय, आणि ते बोलताना छाती फुगते. हा त्याच मोहाचा धाकटा भाऊ आहे. वुडवर्डवर कुणी आजोबा जवळ येऊन विचारतील, “सिक्स्टी-फाइव्ह जीटीओ?” तेव्हा मी ‘नाही, लेमान्स’ एवढंच म्हणून गप्प राहीन का, याची मला आज खात्री नाही.