भरती कुणाची?

चाकणच्या खोलीवर रूममेटला ताप आला, तेव्हा मी रात्रपाळी बुडवली. लातूरला आई तापली, तेव्हा फोनवर ‘गोळी घे’ म्हणालो आणि कंपनीची बस पकडली.

सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास 180 पट जोराने ओढतो. तरी त्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीही नसते. कारण भरती येते ती पृथ्वीच्या अलीकडच्या नि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढीतल्या फरकामुळे. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथा हिस्सा उरते. हा फरक मात्र आठवाच. आणि सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, चंद्र 3.84 लाखांवर.

जवळचं हलवतं, लांबचं धरून ठेवतं. पृथ्वी शेवटी फिरते सूर्याभोवतीच. या हिशेबावर मी बरेच दिवस स्वतःला माफ केलं. पण समुद्राला निवड नसते. माझ्या चार रजा शिल्लक होत्या.