जीर्ण की फक्त जुनं?

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२

आत्म्याच्या देहबदलाला जीर्ण वस्त्राची उपमा देणारा हा श्लोक आपण सगळ्यांनी ऐकलाय. मला मात्र तो वाचला की माझी एक चूक आठवते.

मागच्या दिवाळीआधी आम्ही पुण्यातला फ्लॅट रंगवला. पडदे नवे, सोफ्याचं कापड नवं. रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून माळ्यावरची एक गोधडी काढून फर्निचरवर टाकली. संध्याकाळी आईने तिच्यावरचे डाग पाहिले. मी म्हटलं, "अगं, जुनीच तर होती. गीताच सांगते ना, जीर्ण झालं की सोडायचं." आई काही बोलली नाही. तिने फक्त गोधडीची घडी घातली.

ती गोधडी आजीने शिवलेली. आजीचं माहेर शिरूरचं, सासर दौंड तालुक्यातलं वरवंड. वर तिचं माहेरचं लुगडं, आत आजोबांच्या धोतरांचे थर, आणि कडेपासून मध्यापर्यंत हाताने घातलेला धावदोरा. तुकोबारायांची पालखी वरवंडला मुक्कामी आली, की घरातल्या सगळ्या गोधड्या वारकऱ्यांसाठी अंथरल्या जायच्या. घरची माणसं गोणपाटावर झोपायची.

मग त्याग कोणी केला? मी की आजीने?

आजीने लुगडं टाकलं नाही, आणि कपाटात जपूनही ठेवलं नाही. तिने सोडलं ते त्यातलं 'माझं'. नेसत होती तोवर ते तिचं होतं. गोधडी झाल्यावर, जो दमून येईल त्याचं झालं.

मित्रांनो, जीर्ण म्हणजे वापरून वापरून झिजलेलं. आपल्याला कंटाळा आला म्हणून काही जीर्ण होत नाही. माझे आधीचे पडदे कुठेही विरले नव्हते, मला फक्त रंग बदलायचा होता. भगवंतांनी हा श्लोक अर्जुनाचा शोक आवरायला सांगितला. मी तो माझी बेफिकिरी झाकायला वापरला.

डाग काही गेले नाहीत. गोधडी आता माळ्यावर नसते, मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याला देतो.

आज एवढंच करून बघा. टाकायला काढलेली एखादी वस्तू हातात घ्या आणि स्वतःला विचारा, ही जीर्ण झालीये, की माझं मन भरलंय? आणि मन भरलं असेल, तर ती कोणाच्या उपयोगी पडेल?

राम कृष्ण हरी!