बाधा, मेंदू आणि भोग

मनाच्या आजाराचे मूळ शरीरात शोधायचे की शरीराबाहेर, हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात केवळ पुस्तकी नाही. जिल्ह्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांचे लोक लांबून येतात. घरात कुणाला ‘बाहेरचे’ झाले म्हणून आलेले त्यांत पुष्कळ असतात. लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, किंवा तरुण मुलगा रात्र रात्र जागून भिंतीशी भांडू लागला, तर सैलानीचे नाव निघणे नवलाचे नाही. होळीला भरणाऱ्या यात्रेत नारळांची होळी पेटते. अंगावरून उतरवलेला नारळ तीत पडला की बाधाही जळते, अशी श्रद्धा आहे.

अशा वेळी शरीरात काय घडत असते, हे फिटच्या आजारात सर्वांत स्पष्ट दिसते. माणूस कोसळतो, दातखिळी बसते, हातपाय झटके देतात. कुणी नाकाशी चप्पल धरतो, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतो, आणि थोड्या वेळात झटके थांबतात. मेंदूतील पेशींचा विद्युतप्रवाह काही काळ बेताल होतो आणि बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत आपोआप ताळ्यावर येतो. श्रेय मात्र चप्पलेला मिळते. हा आजार इतर आजारांहून अधिक दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रीक ग्रंथाने सुमारे २४०० वर्षांपूर्वीच म्हटले होते.

शरीरात मूळ सापडलेल्या अशा आजारांची यादी पुढे लांबत गेली. वेडाच्या एका प्रकारात दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत १९१३ साली उपदंशाचे जंतू सापडले. थायरॉइड मंदावले की माणूस खिन्न होतो. ‘ब-१२’ जीवनसत्त्व फार घटले तर स्मृती आणि वागणे दोन्ही बिघडू शकतात. बाळंतपणानंतर संप्रेरके झपाट्याने उतरतात, झोप तुटते आणि काही स्त्रियांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच भ्रम होऊ लागतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते, असा एक आजार २००७ मध्ये ओळखला गेला. त्याचे रुग्ण बरेचदा तरुण मुली असतात आणि त्यांचे ओरडणे, अंग वाकडे करणे पाहून कुणालाही ‘झपाटली’ असेच वाटावे. वेळेवर उपचार झाले तर यांतल्या बऱ्याच जणी पूर्ण बऱ्या होतात.

दर्ग्यावर गुण आला असे सांगणारे खोटे बोलतात, असे मात्र नव्हे. मनाचे बरेच आजार लाटांनी येतात. लाट अगदी वर असताना माणसाला यात्रेला नेले जाते आणि त्यानंतर ती बहुधा उतरतेच. शिवाय तिथे सोबत असते, आणि आजाऱ्याला कुणी दोष देत नाही. दोष बाहेरच्याचा असतो.

दोष कुणाचा, हाच खरा धर्मविचाराचा प्रश्न आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाच्या अध्यायात याचे धीट उत्तर आहे. देव, गंधर्व, पिशाच कुणालाही उगाच पीडा देत नाहीत; माणसाची स्वतःची कर्मेच त्याला पीडतात, तेव्हा दोष देवांना वा पितरांना देऊ नये. भूत दूर झाले खरे, पण ओझे रुग्णाच्याच डोक्यावर आले. ‘भोग आहेत, भोगायचे’ ही घरोघरची समजूत याच वाटेवरची. जीवशास्त्र भूतही काढते आणि पापही: थायरॉइड मंदावलेल्या बाईने गेल्या जन्मी काय केले, हे विचारण्यात अर्थ उरत नाही.

पण तिथेही एक फसगत आहे. ‘रक्तातच आहे’ म्हटले की तेही प्रारब्धच होते. २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. आजार जैविक मानणारे लोक रुग्णाला कमी दोष देतात, परंतु तो बरा होईल याविषयी ते अधिक निराश असतात, असे त्यात आढळले. सोयरीक जुळवताना घरातला आजार लपवला जातो तो याच धास्तीने. वास्तविक स्किझोफ्रेनिया एकाला झाला तर तंतोतंत तीच जनुके असलेल्या जुळ्या भावंडालाही तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. उरलेला वाटा गर्भातील पोषण, संसर्ग, नशा, आघात आणि निव्वळ योगायोगाचा. चरकानेच विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून ठेवले आहे. दुबळ्या दैवावर बलवान प्रयत्न मात करतो, असे तो मानतो. पूर्वजन्म बाजूला ठेवला तरी ही मांडणी ‘सगळे जनुकांत’ या म्हणण्यापेक्षा वस्तुस्थितीच्या जवळ जाते.

व्यवहारात हा वाद कुठवर चालू द्यायचा, याची सीमा एका दुर्घटनेने दाखवली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा आहे; यात्रा, परिक्रमा, प्रार्थना यांना तो हात लावत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर तर मुजावरच आजाऱ्याला आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतात. या उपक्रमाचे नाव ‘दवा-दुआ’. प्रत्येक रोगावर ईश्वराने औषध ठेवले आहे, ही इस्लामी परंपरेतील शिकवण त्याच्या आड येत नाही, आणि गोळी घेणाऱ्याला चादर चढवायलाही कुणी अडवत नाही.